हजेरीतलं पहिलं नाव

भीमराजच्या लेकीला, प्रियंकाला, पहिली मुलगी झाली, त्या सालची ही गोष्ट. पुसदकडच्या तांड्यावर चार दिवस पावसानं डोळा उघडू दिला नव्हता. वरचा पाझर तलाव तुडुंब भरला आणि पाळ एका जागी खचली. भीमराज तिथला रोजगार सेवक; त्याला तहसीलमधून फोन आला, माणसं लाव, पोती भर. जेसीबी एकच आहे, जपून वापर.

सकाळी सातला वीस नावं लिहिली. पहिलं जमनीबाईचं. ही पाळ बांधताना तिनं डोक्यावर माती वाहिली होती, तेव्हापासून दर हजेरीला तिचं नाव पहिलं. "घोंगडी घेऊन येतो, भाऊ," म्हणून ती घराकडे उतरली.

धुकं असं, की पोतं देणाऱ्याला घेणाऱ्याचे हात तेवढे दिसत.

साडेअकराला पाळ सावरली. तेवढ्यात निरोप आला, नाल्यावरची रपट, तांड्यावर यायची एकच वाट, वाहून गेली. ॲम्ब्युलन्स पलीकडे अडकली होती आणि अलीकडे, घरी, प्रियंकाला कळा सुटल्या होत्या.

"काका, मशीन नेऊ का रपटीवर?" जेसीबीवाल्या नयननं विचारलं.

"हजेरी झाल्याबिगर नाही. एक माणूस जरी कमी निघाला, तर त्याले हुडकायले मशीन इथंच लागते."

"तिकडं तुमचीच पोरगी हाय ना?"

"म्हनूनच."

वही भिजून लगदा झाली होती. भीमराजनं नावं तोंडपाठ घेतली.

"जमनीबाई."

"हाव, भाऊ." रांगेच्या टोकाकडून, नेहमीसारखं जरा खाकरून.

वीसच्या वीस भरले. जेसीबी सुटला, रपटीचं भगदाड बुजलं, ॲम्ब्युलन्स आली. दोन वाजता पुसदला मुलगी झाली.

फोन ठेवून भीमराज हसला. रांगेतला पूनमसिंग हसला नाही.

"काका, टोकाले मीच होतो. माह्या पुढे कोनी नव्हतं."

"जमनीबाई होती ना. तिनं हाव म्हटलं."

"मीबी ऐकलं. पन माह्या पुढे पानीच होतं."

दोघं तिच्या घराकडे उतरले. मागची मातीची भिंत आत पडली होती. ढिगाऱ्याखाली ती सापडली, घोंगडी काखेत धरलेली.

जमनीबाई आडे, वय बहात्तर, त्या बुधवारी सकाळी आठच्या आधी वारली, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. हजेरी साडेअकराला झाली होती.