माझ्या काचेवरचा काना

मी एक जुनं झेरॉक्स मशीन आहे. धुळ्यात, कॉलेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर, हस्तीमलभाऊंच्या दुकानात माझं राहणं आहे. मित्रांनो, दाखल्याच्या कामासाठी तुम्ही कधी धुळ्याला आला असाल, तर तुमचाही एखादा कागद माझ्या काचेवर क्षणभर पालथा पडून गेला असेल.

माझी पहिली नोकरी मुंबईच्या एका थंडगार विमा कचेरीत झाली. तिथे नवं मशीन आलं आणि मला ट्रकमध्ये घालून इकडे पाठवलं. धुळ्याचा मे महिना मला सोसेना. कागद वाकडे होत, मी धापा टाकत थांबे. हस्तीमलभाऊंनी काय करावं? टेबलावरचा एकुलता एक पंखा माझ्याकडे वळवला आणि स्वतः पुठ्ठ्याने वारा घेत बसले. तेव्हापासून मी त्यांचा झालो. सातबारा, मार्कशीट, वकिलांची कागदपत्रं, लग्नपत्रिका, सगळ्यांच्या प्रती मी काढल्या. "मशीन म्हातारं आहे, पण अक्षर बघा कसं मोत्यासारखं," असं भाऊ गिऱ्हाइकांना सांगत. मी ऐकून न ऐकल्यासारखं करी.

एक काम मात्र भाऊ घेत नसत. अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स. एकदा परीक्षेच्या दिवसांत आम्ही एका पुस्तकाच्या पंधरा प्रती काढून ठेवल्या होत्या. एक प्राध्यापक ओळखपत्राची झेरॉक्स काढायला आले. त्यांनी तो गठ्ठा पाहिला. पुस्तक त्यांचंच होतं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "शेठ, हे लिहायला मला सहा वर्षं लागली." त्या दिवशी भाऊंचा डबा तसाच परत गेला. दुसऱ्याची वस्तू न विचारता घेऊ नये, हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं होतं. त्यांनी कानाला खडा लावला.

म्हणूनच मेघा दुकानात आली, तेव्हा ते लगेच नकारार्थी मान हलवू लागले.

मेघा सोनगीरची. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. सोबत तिचे वडील भिकन होते, काखेत अर्थशास्त्राचं जाडजूड पुस्तक घेऊन.

"भाऊ, बठ्ठं धुळं फिरी वनूत," भिकन अहिराणीत म्हणाले. सगळं धुळं त्यांनी पालथं घातलं होतं. "पोर हुशार शे. पन हाई पुस्तक तिले ऐकाले कोठेच मिळत नई."

मेघाने नीट समजावून सांगितलं. पानांचे फोटो मिळाले, की तिच्या मोबाइलमधलं ॲप अक्षरं ओळखून मोठ्याने वाचतं. घरी मोबाइलने फोटो काढून पाहिले, तर ओळी अर्ध्या तुटत होत्या. परीक्षा पाच आठवड्यांवर आली होती. पुस्तकाची पानं तीनशे बारा.

"बेटा, अख्खं पुस्तक मी करत नाही," भाऊ म्हणाले. "ती चोरी होते."

"काका, पुस्तक मी विकत घेतलंय," मेघा म्हणाली. "माझ्या घरात असतं, माझ्या मांडीवर असतं. पण माझ्यासाठी ते बंदच आहे."

मग मेघाने मोबाइल काढला आणि त्याला कायद्याचं एक कलम वाचायला लावलं. मोबाइल इंग्रजीत भराभर बोलत सुटला. भाऊंच्या पदरात काही पडलं नाही. तेवढ्यात वकील अभिमनराव त्यांचे रोजचे कागद घेऊन आले. त्यांनी ते दोनदा ऐकलं, भुवया उंचावल्या आणि घरी जाऊन कायद्याचं पुस्तकच घेऊन आले.

"भाऊ, पोरगी बरोबर सांगतेय," ते म्हणाले. "कॉपीराइटच्या कायद्यातच ही सवलत दिलीय. ज्याला छापलेलं पुस्तक वाचता येत नाही, त्याला वाचता येईल अशा रूपात त्याची प्रत कुणीही करून देऊ शकतो. अभ्यासासाठी किंवा स्वतःपुरती. त्यात कमाई करायची नाही आणि ती प्रत बाजारात जाऊ द्यायची नाही."

"लेखकाला विचारायला नको?"

"नको. कायद्याने सगळ्या लेखकांच्या वतीने आधीच हो म्हटलंय."

भाऊंनी ते पान स्वतःच्या बोटाने ओळ न् ओळ पाहिलं. मग माझं झाकण उघडलं.

मित्रांनो, त्या दुपारी मी जीव ओतून काम केलं. भाऊ पान उलटत, मी प्रकाश टाकी. कागदावर प्रत काढतो, तसे पानांचे फोटोही मला काढता येतात. संध्याकाळी सगळं पुस्तक पेनड्राइव्हवर गेलं आणि मी अभिमानाने फुगलो.

तिसऱ्या दिवशी बापलेक परत आले. मेघाच्या ओठांवर हसू होतं, पण कपाळाला आठी होती. तिने मोबाइल लावला.

"सरकार नागरिकांकडून कार वसूल करते," मोबाइल गंभीरपणे म्हणाला. "कार वाढवल्यास जनता नाराज होते."

भिकन पोट धरून हसू लागले. "सरकार कार लेस का? मंग आमनी बैलगाडी वाचनी!"

पुढे 'व्याजदर'चं 'व्याजदार' झालं होतं आणि 'धन'चं 'धान'. प्रत्येक ओळीत कुठे ना कुठे एक उपरा काना घुसला होता. भाऊंनी माझी काच फडक्याने पुसली, मग बोटाने चाचपली. कुणाच्या तरी कागदाला राहिलेल्या टाचणीने काचेवर उभा ओरखडा पडला होता. डोळ्यांनी वाचणाऱ्यांना ती बारीक रेघ कधी खटकली नव्हती. ॲप बिचारं सरळमार्गी. उभी रेघ दिसली, की ते काना समजे.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोत्यासारखं अक्षर म्हणे! काच बदलायची तर माझ्या जातीची काच आता कुठे मिळत नव्हती. भाऊंनी जळगावपर्यंत फोन केले. परीक्षेपर्यंतचे दिवस सरत होते.

भाऊ डोक्याला हात लावून बसले असताना त्यांच्या पत्नी लाडकुंवरकाकू डबा घेऊन आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या काचेवर वाकून पाहिलं.

"अहो, रेघ हलत नाही, तर पुस्तक हलवा ना," त्या म्हणाल्या. "उघडल्यावर दोन पानांच्या मधे कोरी जागा असते. रेघ तिथे येऊ द्या."

भाऊ ताडकन उठले. मग त्यांनी काचेच्या कडेला चिकटपट्टीने खूण केली आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. या वेळी काकू शेजारी उभ्या होत्या. पुस्तक जरा सरकलं, की "अहो" असंही न म्हणता नुसत्या खाकरत.

मेघाने तिथेच उभं राहून ऐकलं. कर कर राहिला. दर दर राहिला. तिने पुस्तकावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

परीक्षेआधी तिच्या वर्गातला अखिल दुकानात भेटला. "मेघा, ती फाइल मलाही टाक ना. कुणाला कळतंय?"

"टाकते की," मेघा म्हणाली. "पण डोळे मिटून वाचायची. कबूल?"

अखिल हसला आणि निमूटपणे पुस्तक विकत घ्यायला गेला.

मेघाला अर्थशास्त्रात एकाहत्तर गुण मिळाले. भिकन पोतंभर शेंगा घेऊन आले. सगळ्यांनी माझ्याभोवती बसून त्या फोडल्या. एक टरफल माझ्या पोटात गेलं आणि मी दीड दिवस बंद पडलो. पण तो आजार मला गोड वाटला.

आता दुकानात नवं मशीन आलंय. ते सुटे कागद भराभर गिळतं, पण उघडं पुस्तक त्याच्यावर नीट बसत नाही. म्हणून पुस्तकं अजून माझ्याकडे येतात. परवा शिरपूरहून एक आजोबा आले होते. हात थरथरतात, त्यामुळे त्यांना पान उलटता येत नाही. त्यांना वाटलं, ही सवलत फक्त अंधांसाठी असेल. भाऊंनी त्यांना खुर्ची दिली आणि म्हणाले, "नाना, ज्यांना छापलेलं वाचता येत नाही, त्या सगळ्यांसाठी आहे ती. पुस्तक द्या इकडे."

मित्रांनो, मला तेलपाणी करा, माझी काच स्वच्छ ठेवा, हे तर मी सांगणारच. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. हस्तीमलभाऊ प्रामाणिक होते, म्हणून ते नाही म्हणाले. आणि प्रामाणिक होते, म्हणूनच त्यांनी ऐकून घेतलं. तुमच्या दारात कुणी बंद पुस्तक घेऊन आलं, तर नाही म्हणण्याआधी त्याचं पुरतं ऐकून घ्या. ते उघडायची परवानगी कदाचित तुमच्या हातात केव्हाचीच दिलेली असेल.