गंगावनातले केस

हरिहर म्हणजे काय साधीसुधी असामी नव्हे! रत्नागिरीच्या मैदानात तंबू ठोकून कोणी मूकपट लावला, की पडद्यावर जी राणी धाय मोकलून रडायची ना, ती ही स्वारी. समोर बायका पदर डोळ्याला लावून बसलेल्या, पुरुष अंधारात गुपचूप नाक पुसतायत. एकदा तर तो देवी होऊन उभा राहिला आणि लोकांनी पडद्यापुढे नारळ फोडले. पाणी उडून पडदा भिजला, तंबूवाला बोंबलत सुटला! पण हाच हरिहर घरी आला की त्याचं जेवणाचं पान कुठे? बाहेर ओटीवर. सख्ख्या थोरल्या भावाच्या घरात, भिंतीकडे तोंड करून.

का तर म्हणे, नट! तोंडाला रंग फासतो, कोणाकोणाच्या पंक्तीला बसतो.

दर वर्षी पौषात वडिलांच्या श्राद्धाला तो बोटीने यायचा. त्याही वर्षी आला. भास्करदादा ओटीवर सुपारी कातरत बसलेला. कलमांच्या दोन बागा, गावात मान, आणि तोंड असं की सदा कोकम चावल्यासारखं.

"आलास? पाय धू आणि इथेच बस. आत सोवळं आहे."

"दादा, गेल्या खेपेला तंबूत माझा जुना मूकपट लागला तर तू हात जोडलेस म्हणे?"

"शिंच्या, ते देवीला जोडले. तुला नव्हे!"

हरिहर हसला. हसण्यावारी न्यायची सवयच झाली होती त्याला. मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा गावात आलेल्या नाटक मंडळीबरोबर पळाला, तो नऊवारी नेसूनच वाढला म्हणा ना. लुगड्याच्या निऱ्या अशा घालायचा की पुण्या-मुंबईच्या बायका बघून शिकायच्या. पुढे मूकपट निघाले. तिथे उभं राहायला बाई मिळेना, मग पुन्हा हरिहरच. राण्या झाल्या, पतिव्रता झाल्या, विधवा तर किती झाल्या! मग हळूहळू बायका स्वतःच कामं करायला लागल्या, याचे गाल बसले, तसा तो सासवा आणि ऋषी करायला लागला. पण कंपनीने त्याला सोडलं नाही. कारण नट्यांची गंगावनं बांधावीत तर हरिहरनेच. खोटी वेणी असून खऱ्यावर ताण! आणि त्याला लागणारे केस यायचे कुठून? इथूनच, रत्नागिरीतून. खोबरेल पिऊन वाढलेले, लांबसडक. भागोजी न्हावी आणून द्यायचा, त्याच्या आधी भागोजीचा बाप द्यायचा.

कोणाचे केस? हरिहरने कधी म्हणजे कधी विचारलं नाही. आंबा कुठल्या झाडाचा ते विचारतो का आपण?

तर त्या दिवशी भागोजी आला तसा हरिहर म्हणाला, "यंदा गुडघ्यापर्यंत पोचतील असे हवेत हो. नवी राणी उंच आहे."

भागोजी मान खाजवीत उभा राहिला. "गावतील वो. लांब हायत. उद्याच गावतील." आणि नजर चुकवून चालता झाला. हरिहरला त्यात काही वाटलं नाही.

ओटीवर त्याचं पान घेऊन यायची ती उल्का, भास्करदादाची लेक. चौदाव्या वर्षी विधवा झाली. चिपळूणचा नवरा, तापाने गेला. लग्नात अंतरपाटापलीकडे दिसला असेल तेवढाच! आता सतराची झाली होती. डोक्यावरचा पदर घट्ट ओढलेला, पण केसांचा भार त्याच्याखाली मावायचा नाही.

"काका, पडद्यावर रडतोस ते खरं असतं का रे?"

"छे गो! कांदा लावतो डोळ्याला."

"मग इथे आलास की एक दिवस कांद्याशिवाय रडून बघ," ती म्हणाली आणि ताट ठेवून आत गेली. मुलगी अशी तिखट! पुण्याला विधवांची शाळा आहे, तिथे जाऊन मास्तरीण व्हायचं तिच्या मनात होतं. बापाला एकदा विचारलं, तर बापाने दोन दिवस तिच्या हातचं पाणी घेतलं नाही.

आणि दुसरे दिवशी सकाळी काय झालं ऐका. श्राद्ध उद्यावर आलेलं. हरिहर दात घासायला मागच्या परसात गेला. बघतो तर विहिरीजवळ पाट मांडलेला, तांब्या भरून ठेवलेला, बाजूला विधवेचं लाल आलवण घडी करून ठेवलेलं, आणि भागोजी दगडावर वस्तरा लावतोय.

"भागोजी, अरे इथे कुठे? आणि माझे केस?"

"तेच काढूक आलोय वो," भागोजी खाली मान घालून म्हणाला.

हरिहरच्या हातातली राखुंडी गळून पडली. स्वयंपाकघराच्या दारातून उल्काला बाहेर आणत होते. तिची आई तोंडात पदर कोंबून मागे उभी, आणि मनगट धरून ओढणारी कोण? येसूआक्का! या दोघा भावांची थोरली बहीण. विशीत विधवा झाली, तेव्हापासून लाल आलवणात, दर पंधरवड्याला डोकं न्हाव्यापुढे. सोवळ्याची इतकी कडक की मांजर शिवलं तरी आंघोळ करायची.

पायरीवर आप्पा भटजी उभे होते, उपरणं सावरीत. "घरात सकेशा विधवा ठेवून पितरांना पान वाढणार? मी तर नाहीच जेवणार. गावातला दुसरा कोणी जेवला तर मला सांगा. लहान होती तोवर चालवून घेतलं हो."

"दादा!" हरिहर ओरडला. "पोर आहे रे ती!"

"तू बोलू नकोस!" भास्करदादा उसळला. "लुगडं नेसून मिरवणाऱ्याने घराची अब्रू मला शिकवायची नाही!"

हरिहर तसाच ओटीवर धावला. ट्रंक उघडली, नव्या केसांशी जुळवायला आणलेली सगळी गंगावनं कवेत घेतली आणि येऊन परसात, पाटापुढे, ओतली. काळी, दाट, लांबच लांब. शेणाने सारवलेल्या अंगणात नुसता केसांचा ढीग!

"हे बघा! यांच्यावर मी नाव मिळवलं. गावोगाव लोक रडले ते हे केस बघून. आत्ता कळलं मला, हे कुठल्या परसातले आहेत ते. आप्पा, ओळखा बघू! तुमच्या घरातले कुठले? सांगा की!"

आप्पांनी तोंड फिरवलं. त्यांची धाकटी सून दोन वर्षांपूर्वीच लाल आलवणात गेली होती.

येसूआक्काने उल्काचं मनगट सोडलं. ती वाकली. ढिगातून तिने एक जुनं गंगावन उपसलं, टोकाशी पिंगट, वळण घेतलेलं. ती ते नुसतं बोटांवरून सोडत राहिली.

"हे माझे," ती म्हणाली.

हरिहर खालीच बसला. तेच गंगावन घालून त्याने पहिली राणी केली होती. त्यावरच त्याला पदक मिळालं होतं.

"आक्का, मला ठाऊक नव्हतं गो..."

"ठाऊक करून घ्यायचं नव्हतं तुला!" आक्का कडाडली. "माझे उतरवले तेव्हा कोण आलं होतं रे आडवं? मी या पाटावर ओरडत होते तेव्हा तू कुठे होतास? हे डोक्यावर घालून नाचत होतास! टाळ्या घेत होतास! आणि आज हिच्यासाठी कळवळा? माझे गेले, मग हिचे का राहावेत? सांग ना! का राहावेत?"

 

उत्तर दिलं उल्काने. ती पाटापाशीच उभी होती.

"आत्या, तुझ्या वेळी कोणी आलं नाही. माझ्या वेळी तू ये."

बस्स. एवढंच.

"काय बघता? बसवा तिला!" भास्करदादा ओरडला. भागोजी हलला नाही. आप्पा म्हणाले, "येसूबाई, तुम्ही जाणत्या, तुम्हीच..."

आणि येसूआक्का त्या पाटावर स्वतः बसली. मांडी ठोकून! गंगावन मांडीवर.

"भागोजी, वस्तरा धोकटीत घाल आणि घरी जा. हिच्या डोक्याला हात लावायचा नाही, आणि आजपासून माझ्याही नाही. भास्करा, मला उचलून पाट रिकामा कर, हिंमत असेल तर. आप्पा, तुम्ही जेवू नका. तुमच्यासारख्यांना वाढून वाढून माझा जन्म गेला, पितर काय पोटभर जेवले कोण जाणे! आणि हरी, तू गुपचूप उठ. तुला माफी नाही. हिला पुण्याला पोचवून ये, मग बघू."

श्राद्धाला एकही भटजी आला नाही. भास्करदादाने पिंड एकट्याने ठेवले आणि दिवसभर बहिणीला शिव्या घातल्या. शेजाऱ्यांनी विहिरीवरची बोलाचाली बंद केली, मुंजीची-लग्नाची अक्षत यायची थांबली. हरिहर उल्काला घेऊन बोटीत बसला. तिला शाळेत घातलं आणि कंपनीत गेला तो गंगावनं परसातच सोडून, रिकाम्या हाताने. मालक म्हणाला, "केस नाहीत? मग तू तरी कशाला हवास?" म्हातारा ऋषी करायला काय, कोणीही मिळतो! झालं, तिथे त्याचं सिनेमातलं आयुष्य संपलं.

आणि येसूआक्का? पांढरे शुभ्र केस आलेत, बोटभर. संध्याकाळी दारात उभी राहते, डोक्यावर पदर न घेता. रस्त्याने जाणारे येणारे तोंड फिरवतात, थुंकतात, कोणी पलीकडच्या दगडी गडग्याला चिकटून जातात. ती तोंड फिरवत नाही. सरळ बघते एकेकाकडे. आता तुम्ही तिथून जाल ना, तेव्हा तिच्या डोळ्याला डोळा देऊन दाखवा बघू!