रंगाचा हात

चिमूटभर लाल रंग शेंगतेलात कालवून भिकनआबा फिक्या मिरच्यांच्या ढिगावर हात फिरवत होते. नंदुरबारच्या पथारीवर, मिरची वाळवायच्या त्या मोकळ्या रानात, ऊन चांगलंच चढलं होतं. रंग लावून झाला की आबा एक मिरची मोडून जिभेवर ठेवत. रंगानं तिखट मेलं की नाही, हे त्यांच्या जिभेनं सांगितल्याशिवाय व्यापारी पोतं शिवू देत नसत.

"मुंबईले काय करस व माय तू?" आबांच्या जोडीला बसणाऱ्या रेवजीनं आबांच्या लेकीला, अनुसयाला विचारलं. ती चार दिवसांच्या रजेवर आली होती.

"उंदरंसले रंग खावाडस, काका."

आबा खदखदून हसले. "त्याना पगार भेटस? मंग तुन्हा सायेबले आठे पथारीवर पाठाड. आठला उंदरं फुकट खातस!"

मग त्याच लाल बोटांनी त्यांनी भाकरी मोडली.

अनुसया त्या बोटांकडे पाहत राहिली. प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांना ती याच रंगाच्या कुळातली रसायनं देई. काही महिन्यांनी त्यांच्या आतड्यांत गाठी येत. सूक्ष्मदर्शकाखाली ती पेशींतली गुणसूत्रं मोजी. बेचाळीस असायला हवीत. गाठीत कुठे एकेचाळीस भरत, कुठे चाळीसच. उंदरांवरून माणसाचं सांगता येत नाही, असं तिचे वरिष्ठ बजावत. ते खरंच होतं. पण आबांच्या हाताला रंग होता म्हणून ती कॉलेजात गेली, हेही खरं होतं.

"आबा, हात..."

"काय व?"

"काही नही. पानी देऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा परसाकडून आले ते भिंत धरून. रक्त सहा महिन्यांपासून जात होतं. त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. सुरतच्या डॉक्टरांनी पोट उघडलं, आतड्यातली पसरलेली गाठ पाहिली आणि तसंच शिवलं. होळीच्या आधी आबा गेले.

दशक्रिया आटोपल्यावर अनुसया आबांची कोट-टोपी आणायला पथारीवर गेली. त्यांच्या जागी आता रेवजी बसला होता. व्यापारी उभाच होता. रेवजीनं तेलकट, लालभडक हातानं मिरची मोडली.

"काका, तोंडमा घालू नका."

"का व? चाख्याबिगर कसं समजी?"

"तो रंग खाईसन आमना उंदरंसले गाठी व्हतीस. आतडामा."

रेवजीचा हात तसाच थांबला. व्यापारी हसला, "ताई, मानूस काय उंदीर शे?"

"भिकनआबाबी जलमभर चाखत व्हतात," रेवजी हळूच म्हणाला.

"हाव. आन माले माहीत व्हतं, काका," ती म्हणाली. "मी आबाले कधी सांगं नही."