निष्कलंकबाबांचं पाणी

सकाळी नऊलाच तळ्याकाठच्या उपाहारगृहात मुंगीला शिरायला जागा उरली नव्हती. चहा कुणालाच नको होता. सगळ्यांना बघायचा होता तो तळ्यावर काढलेला लाकडी डेक. परवा त्याच्या फळ्यांवर रंगाऱ्याच्या हातून पांढऱ्या रंगाचा डबा लवंडला होता, आणि आता त्या डागांपुढे निष्कलंकबाबा डोळे मिटून बसले होते.

रंगारी कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता. पाणी, साबण, काथ्या, सगळं करून झालं होतं. बोटं सोलली, पण डाग जागचे हलले नव्हते. थिनरनं लाकडाची चमक जाईल म्हणून उपाहारगृहाच्या मालकीणबाईंनी त्याला मनाई केली होती आणि शेवटी बाबांना बोलावणं धाडलं होतं.

"रंगारी कोण?" बाबांनी डोळे न उघडता विचारलं. "ये, बाळ. वाळलेला रंग पाण्यानं निघतो?"

"नाही, महाराज. तीस वर्षं हेच करतोय. शक्यच नाही."

"ऐकलंत? जाणकार सांगतोय!" बाबांनी पितळी तांब्या उंचावला. "हे साधं पाणी, पण मंतरलेलं! डाग फळीवर नसतो, लेकरांनो. डाग मनात असतो."

"मग मनच घासा की! गुडघे कशाला दुखवताय?" खुर्चीवर बसलेली रंगाऱ्याची आई म्हणाली.

"आई, गप्प बस ना गं!"

शिष्यांनी धुपाचा एवढा धूर केला की पुढच्यांना ठसका लागला. बाबांनी तांब्यातल्या पाण्यात भिजवलेलं फडकं मोठ्या डागावर पसरलं, पाच मिनिटं मंत्र म्हटले, खसाखसा चोळलं आणि फडकं उचललं. खाली स्वच्छ तपकिरी फळी, फडक्यावर पांढरा चिखल! असा जयजयकार झाला की तळ्यातली बदकं उडाली. रंगाऱ्याने तर तिथेच हात जोडले.

बाबांना तेवढंच हवं होतं. "ज्या पाण्यानं लाकूड शुद्ध झालं, त्यानं डोळा होणार नाही? मोतीबिंदू म्हणजे तरी काय? डोळ्यात सांडलेला पांढरा रंग! लावा रांग."

रंगाऱ्याच्या आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं, आणि त्याची धास्ती आईपेक्षा मुलानेच जास्त घेतली होती. तो सगळ्यांच्या आधी तिला पुढे घेऊन गेला. त्याने स्वतःच तिचं डोकं मागे टेकवलं, पापणी वर धरली. बाबांनी तांब्यातल्या पाण्याचा चमचा तिच्या डोळ्यावर आणला.

"थांबा!" आई ओरडली. "हा वास कसला?"

"धुपाचा, आई."

"धूप मलाही कळतो रे. सुई टोचायच्या आधी नर्स दंडाला पुसते ना, तो वास आहे हा. मधुमेहापायी थोड्या का सुया घेतल्यात मी? तुझं नाक थिनरनं कधीच कामातून गेलंय, तुला काय कळणार!"

रंगाऱ्याचा हात आपोआप चमच्याच्या आड आला. "महाराज," तो चाचरत म्हणाला, "आधी एक थेंब तुमच्या डोळ्यात घाला."

"माझे डोळे निष्कलंकच आहेत," बाबा म्हणाले आणि हातभर मागे सरकले.

रंगारी समोरच्या औषधांच्या दुकानात धावला आणि स्पिरिटची बाटली घेऊन आला. दोन छोटे डाग अजून बाकी होते. एकावर त्याने नळाच्या पाण्याचं फडकं ठेवलं, दुसऱ्यावर स्पिरिटचं.

"मंत्रबिंत्र म्हणू नकोस," आईने बजावलं. "नाहीतर श्रेय हाच घेईल."

पाच मिनिटांनी दोन्ही डाग चोळले. पाण्याखालचा होता तसाच होता. स्पिरिटखालचा साफ निघाला.

"हा पाण्यात कालवायचा रंग," रंगारी म्हणाला. एवढ्या लोकांपुढे बोलताना त्याचे कान लाल झाले होते. "वाळला की पाण्याला दाद देत नाही, पण स्पिरिटनं मऊ पडतो. फळ्यांना तेल पाजलेलं होतं, म्हणून फारसा मुरला नव्हता. धूर वास झाकायला, आणि मंत्र रंग मऊ पडेपर्यंत वेळ काढायला. मला हे ठाऊक नव्हतं. 'माहीत नाही' म्हणायचं सोडून मी 'शक्यच नाही' म्हणालो, आणि यांचा चमत्कार झाला. हे डोळ्यात गेलं असतं तर..."

शिष्य तांब्या आवरू लागले. रांगेतली एक बाई मात्र हलेना. "काही म्हणा, पण डाग निघाला ना?"

"निघाला, मावशी. माझ्या हातूनही निघाला. माझ्या पाया पडाल?"

बाई गडबडली.

"पडू नका. कुणीही औषध म्हणून काही दिलं तर आत काय आहे ते विचारा. खरा डॉक्टर औषधाचं नाव कागदावर लिहून देतो. जो नाव सांगत नाही, त्याच्यापुढे डोळा उघडू नका."

बाईने तांब्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि ती रांगेतून बाहेर आली. "तुमच्या आईचे डॉक्टर कुठे बसतात हो?"

"आमच्याबरोबरच चल की," आई म्हणाली. "याला धीर द्यायला मला कुणीतरी हवंच आहे."