काशाला कल्हई

श्यामकांतकाकांनी वाट्यांना कल्हई करायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी क्षमाला विचारलं होतं. ती कासाराची मुलगी, वर फिजिक्समधली बीएस्सी. मुलुंडच्या नव्या हॉलमध्ये रविवारी त्यांच्या नादध्यानाच्या वर्गाचं उद्घाटन होतं आणि तिथे वाजवायच्या सातही काशाच्या वाट्या त्यांना चांदीसारख्या चमकायला हव्या होत्या.

"चालेल ना गं?"

"चालेल की, काका. झकास दिसतील."

काशाला कल्हई करत नाहीत. तापलेलं कासं पाण्यात बुडवलं की केसाएवढा तडा जातो आणि त्या तड्यात नाद मरतो. हे तिला कॉलेजात नाही, घाटकोपरच्या घरी कळलं होतं. त्या सात वाट्या तिच्या वडिलांनी, अण्णांनी, दीड वर्ष ठोकून सुरात आणल्या होत्या. कुठली वाटी कुठे, किती हलक्या हातानं वाजवायची, हेही त्यांनीच काकांना शिकवलं. पुढे काका लोकांना सांगू लागले, की वाट्या हिमालयातल्या एका साधूनं दिल्या. अण्णा एकदा वर्गाला आले, तेव्हा काकांनी ओळख करून दिली, "हे आमचे भांडीवाले." लोक हसले. त्या दिवसापासून अण्णांनी हातोडी धरली नाही. क्षमा मात्र तीन वर्षं दर रविवारी वर्गात येऊन सतरंज्या अंथरत राहिली. पोरगी विसरली, असं काकांना वाटलं.

कल्हईवाल्यानं वाट्या तापवल्या, नवसागर लावला, कथील फिरवलं आणि बादलीत बुडवल्या. क्षमा शेजारीच उभी होती. चार वेळा बारीक टिक् असं वाजलं. तिनं मोजलं.

पहिला नाद सगळ्यांसमोरच, असं काकांनीच जाहीर केलं होतं, म्हणून आधी कुणी वाजवून पाहिलं नाही. साठ माणसं डोळे मिटून आडवी झाली. अण्णांना क्षमानं आग्रह करून आणलं होतं. ते शेवटच्या रांगेत बसले. काकांनी थोरल्या वाटीवर टोला दिला.

खट्.

दुसरीही तशीच. तिसरी तडकली नव्हती, पण कथिलाखाली तिचाही आवाज बसला होता. काका म्हणाले, की लोकांची मनं अस्थिर आहेत. पुढच्या रांगेतल्या विमलाबाई उठून बसल्या. "अहो, पिठाचा डबा वाजवताय का?"

या वेळचं हसू जास्त वेळ टिकलं. काकांनी क्षमाकडे पाहिलं. तिनंही पाहिलं, नजर न हलवता, त्यांना सगळं कळेपर्यंत.

घरी जाताना अण्णांनी विचारलं,

"त्यानं तुला विचारलं होतं?"

"हो."

"थोरली मी तुझ्या आईच्या नावानं केली होती."

क्षमाला वाईट वाटलं. पश्चात्ताप झाला नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या होत्या आणि तिला त्या वेगळ्या करता येत होत्या. तसं तिनं अण्णांना सांगूनही टाकलं.

अण्णांनी घरी पोचल्यावर माळ्यावरची हातोडी काढली आणि तिच्यावरची धूळ धोतराला पुसली.

"पुढच्या वेळी," ते म्हणाले, "मला आधी सांग. कल्हईवाल्याकडे मीही बघायला उभा राहिलो असतो."