सुहैबचं मत

"अठराच्या पुढची माणसं किती घरात?" रुदैनाबाईंनी विचारलं.

"चार," उम्म सुहैब म्हणाली. "मी, हे, धाकटी मैस आणि सुहैब."

मी चहाचा पेला ओठांपाशी नेला होता, तो तसाच धरून बसलो. गावात शिरताना विजेच्या खांबावर, मशिदीच्या भिंतीवर, तेलाच्या घाण्याच्या दारावर एकाच तरुणाचं चित्र आम्ही पाहत आलो होतो. खाली ठळक अक्षरांत सुहैब, आणि नावाच्या आधी शहीद. या घराच्या दाराशेजारीही ते लावलेलं असणार, कारण दगडावर कागदाच्या खरवडलेल्या चिंध्या अजून शिल्लक होत्या.

दारात उभा असलेला तिचा नवरा, अबू सुहैब, घसा खाकरून म्हणाला, "तीन लिहा."

"चार," ती म्हणाली. "त्यांनी मला विचारलंय."

मी आणि रुदैनाबाई रामल्ला शहरातल्या एका संस्थेसाठी लोकांची मतं गोळा करत हिंडतो. मी गाडी चालवतो आणि सोबत बसतो, कारण बाई आणि पुरुष दोघं मिळून गेले की परक्या घराचं दार लवकर उघडतं. जगात आमच्या लोकांइतकी मतं दुसऱ्या कुणाला विचारली गेली नसतील. शांतता हवी का, लढाई हवी का, राज्यं किती हवीत, एक की दोन. विचारतात सगळे, करत कुणी काही नाही. लोकही आता सरावलेत. सकाळीच एका न्हाव्याने मला ऐकवलं होतं, "अबू रामी, गेल्या खेपेला माझं मत घेऊन गेलात, ते अजून परत नाही आणलंत. आधी ते द्या, मग नवं मागा." गिऱ्हाइकं हसली, मीही हसलो. बाई हसल्या नाहीत.

बाई कामावर कधीच हसत नाहीत. कुणी उत्तर देत असताना मान हलवायची नाही, हुंकार द्यायचा नाही, भुवईसुद्धा उचलायची नाही. नाहीतर समोरचा माणूस आपल्याला आवडेल तेच बोलायला लागतो, असं त्यांचं म्हणणं. पूर्वी त्या शाळेत भूगोल शिकवायच्या. पन्नाशी उलटलीय, गुडघे धरलेत, तरी यादीत टेकडीवरचं घर निघालं तर तिथेच चढणार, खालचं सोपं घर घेणार नाहीत. गावोगावचे लोक त्यांना दगड म्हणतात. माघारी मीही म्हटलंय.

बाईंनी चारही नावं टॅबमध्ये घातली. या चारांतून कुणाला विचारायचं ते टॅब ठरवतो, आणि तो म्हणेल त्यालाच विचारावं लागतं. नाहीतर प्रत्येक घरात बापच बोलेल. टॅबने नाव काढलं आणि बाई थबकल्या.

"कोण आलं?" उम्म सुहैबने विचारलं.

"सुहैब."

"बघा!" ती नवऱ्याला म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला की माझ्याच्याने बघवेना. कुणीतरी बाहेरचं येऊन तिच्या मुलाला नावाने बोलावलं होतं.

अबू सुहैब खाली बसला. त्याच्यात राग उरलेला नव्हता, नुसता थकवा होता. "वर्ष झालं," तो माझ्याकडे बघत म्हणाला. "फाट्यावरच्या बसथांब्यापाशी इस्रायली सैनिकांनी गोळ्या घातल्या. ते म्हणतात, लोकांवर सुरा घेऊन धावला. गावातली पोरं म्हणतात, शूर होता. मी म्हणतो, कपाटाच्या बिजागऱ्या आणायला निघाला होता. मयत काही दिलं नाही. त्यांच्याकडेच ठेवून घेतलंय."

"तुम्हाला दाखवलं का? नाही ना?" उम्म सुहैब म्हणाली. "ज्याचं तोंड मी पाहिलं नाही, त्याला मेलेला कशी म्हणू? आणि ते चित्र! हातात बंदूक चिकटवलीय त्याच्या. सुतार होता तो. नखं तुटेपर्यंत खरवडून काढलं मी."

"शोकाला आलेल्या बायकांना हिने दारातूनच परत पाठवलं," अबू सुहैब म्हणाला. "वर्षभरात या घरात त्याच्यासाठी कुणी दोन शब्द बोललेलं नाही."

आमच्यात पहिला मुलगा झाला की बाईचं स्वतःचं नाव मागे पडतं, ती त्याची उम्म, त्याची आई होते, तसा बाप त्याचा अबू होतो. वर्षभर सगळं गाव हिला सुहैबची आई म्हणून हाक मारतंय आणि त्याच तोंडाने सुहैब नाही म्हणतंय. माणसाला वेड लागायला आणखी काय हवं?

नियम सोपा होता. नाव खोडायचं आणि कारण निवडायचं. तात्पुरता बाहेर, कायमचा बाहेर, मृत. मृत दाबलं की टॅब दुसरं नाव काढतो. बाईंचं बोट तिथवर गेलं. उम्म सुहैब त्या बोटाकडे बघत होती.

"ताई," ती म्हणाली, "तो घरात नाही, तर मला विचारा. त्याच्या मनातलं मला सगळं ठाऊक आहे. मी त्याचं मत सांगते."

"तसं चालत नाही," मी म्हटलं. "दुसऱ्याच्या तोंडून घेतलेलं उत्तर रामल्लात बाद करतात." शिवाय गावाबाहेरचं लोखंडी फाटक सैनिक कधी बंद करतील याचा नेम नव्हता.

बाईंनी हातानेच मला गप्प केलं आणि बातम्या वाचतात तशा सपाट आवाजात पहिला प्रश्न वाचला.

"इस्रायलच्या शेजारी आपलं स्वतंत्र राज्य, या तोडग्याला सुहैबचा पाठिंबा आहे की विरोध?"

प्रश्नात 'तुमचा' असतं. इतक्या वर्षांत बाईंनी प्रश्नातला शब्द बदललेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"पाठिंबा," उम्म सुहैब लगेच म्हणाली. "तो म्हणायचा, त्यांनी तिकडे राहावं, आपण इकडे. तिकडेच पेताह तिक्वाला कामाला होता ना तो, रहामीमच्या कारखान्यात. ज्यू, पण मनाचा चांगला. दुपारी आपल्या घरी नेऊन जेवू घालायचा त्याला."

"विरोध," अबू सुहैब म्हणाला. "गच्चीवर माझ्याशेजारी बसून काय म्हणायचा? बाबा, हे राज्य ठेवणार कुठे? एक टेकडी दाखवा जिच्यावर त्यांची घरं नाहीत."

"ते लढाई सुरू झाल्यावर. तिकडे जायचा परवाना गेला, काम गेलं, घरात बसून चिडचिड करायचा, तेव्हाचं ते."

"मग चिडलेल्या माणसाला मत नसतं?"

बाईंनी काय दाबलं ते मला दिसलं नाही. त्यांनी पुढचं वाचलं. "करार झाला, तर दोन्हीकडचे लोक एकमेकांशी सलोख्याने राहतील असं त्याला वाटतं का?"

"वाटतं. रहामीमलाच विचारा ना!"

"रहामीमचा फोन आला होता," अबू सुहैब म्हणाला.

तिने वळून पाहिलं. "कधी?"

"दुसऱ्याच दिवशी. तुला बोललो नाही. रडत होता म्हातारा. म्हणाला, अबू सुहैब, मला जो तो विचारतोय की असल्याला तू घरात घेत होतास? तू एवढंच सांग, त्याने ते केलं नाही ना?"

"मग? काय म्हणालात?"

"फोन ठेवला."

"नाही म्हणायचं होतं! नाही म्हणायला काय झालं होतं?"

"म्हणायचं होतं," अबू सुहैब म्हणाला आणि गुडघ्यावरची न दिसणारी धूळ झटकत राहिला.

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. लोकांच्या घरात शिरून आपण नुसते प्रश्न विचारतो, कुणाचं काही घेत नाही, असं मी बायकोला नेहमी सांगतो. खोटं आहे ते.

"देश सोडून कुठेतरी निघून जावं, असा विचार त्याच्या मनात आहे का?"

"छे!" उम्म सुहैब जवळजवळ हसलीच. "दोन रात्री बहिणीकडे नाब्लुसला राहिला तर आजारी पडायचा."

"पासपोर्ट काढला होता त्याने," नवरा हळूच म्हणाला. "जर्मनीला जायचं चाललं होतं. तू जीव काढशील म्हणून माझ्या कपाटात ठेवायला दिला."

"आणखी काय काय ठाऊक आहे तुम्हाला, जे मला नाही?"

"मला काय ठाऊक असणार? शेवटी शेवटी तर तो माझ्याशी धड बोलतसुद्धा नव्हता. येतो बाबा, जातो बाबा, एवढंच."

बाईंनी टॅबवर बोट सरकवलं आणि पुन्हा थांबल्या. पुढचा प्रश्न कोणता ते मला माहीत होतं. बाकीच्या घरांत याच प्रश्नाला लोक सगळ्यात चटकन उत्तर देतात, काही हो, काही नाही, आवाज चढवून आणि वर आम्हालाच चार शब्द सुनावून.

"हा सोडला तरी चालेल," मी पुटपुटलो.

बाईंनी वाचला. "इस्रायलमधल्या सामान्य लोकांवर होणाऱ्या हल्ल्यांना त्याचा पाठिंबा आहे की विरोध?"

'विरोध' म्हणायला तिने तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. तो एक शब्द उच्चारला असता, तर तिचा मुलगा बिजागऱ्याच आणायला गेला होता असं ठरलं असतं. ती थांबली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. वर्षभर बिजागऱ्या बिजागऱ्या म्हणणारा तो माणूस जमिनीकडे बघत बसला होता. त्याच्याही तोंडून तो शब्द निघेना.

"त्या सकाळी त्याने चहा घेतला नाही," ती म्हणाली. "आल्यावर घेतो म्हणाला. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही हो, ताई. भट्टीत रोट्या होत्या. करपतील म्हणून मी तिकडे बघत होते."

बाईंनी मान हलवली नाही, हुंकार दिला नाही. नुसत्या वाट बघत राहिल्या.

"माहीत नाही, असं लिहिता येतं?"

"येतं."

"मग तेच लिहा. आईला माहीत असायला हवं. मला नाही माहीत. त्याला विचारलं असतं, पण विचारायला तो आहे कुठे?"

बोलून झाल्यावर तिचं वाक्य तिलाच ऐकू आलं असावं. ओढणीच्या टोकाने तिने तोंड दाबून धरलं. अबू सुहैब उठून तिच्याजवळ गेला, पण तिने त्याला हाताने लांब ठेवलं.

"ते नाव खोडायचं होतं ना तुम्हाला?" ओढणी बाजूला करून ती म्हणाली. "खोडा."

"कारण काय लिहू?"

मला बाईंचा असा संताप आला! एवढं दिसत असताना विचारायचं कशाला? पण दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालायचा नाही म्हणजे नाही. यांना दगड म्हणतात ते उगीच नाही, असं तेव्हा माझ्या मनात आलं.

"मेला," उम्म सुहैब म्हणाली. "लिहा. माझा सुहैब मेला."

बाईंनी लिहिलं. टॅबने लगेच दुसरं नाव काढलं, अबू सुहैबचं. इतका वेळ प्रत्येक प्रश्नात तोंड घालणाऱ्या त्या माणसाने दोन्ही हात वर केले. "नको. मला काही विचारू नका." बाईंनी त्याचा नकारही नोंदवला. सबंध दुपार घालवून आमच्या हाती एकसुद्धा मत लागलं नव्हतं.

आम्ही उठलो, तर ती म्हणाली, "बसा." आणि आत गेली. थोड्या वेळाने कॉफीचा वास आला.

दोन लहान कप तिने आमच्या पुढ्यात ठेवले. मी घोट घेतला. कडू होती, साखरेचा कण नव्हता. अशी कॉफी आमच्याकडे शोकाच्या घरात देतात. एरवी कप रिकामा झाला की पाहुण्याने म्हणायचं असतं, ही कॉफी या घरात कायम असू दे. शोकाच्या घरात ते म्हणायचं नसतं. सवयीने ते शब्द माझ्या जिभेवर आले होते, मी ते कॉफीबरोबर गिळले.

रुदैनाबाईंनी शेवटच्या घोटापर्यंत कॉफी संपवली. कप खाली ठेवला. मग पुढे वाकून त्यांनी उम्म सुहैबचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"अल्लाह सुहैबवर रहम करो."

"तुमच्या गेलेल्या माणसांवरही," उम्म सुहैब म्हणाली आणि मग मोठ्याने रडली.

शेजारच्या अंगणातून एक म्हातारी कुंपणापाशी येऊन उभी राहिली. आत यावं की नाही, तिला कळत नव्हतं. उम्म सुहैबने रडता रडताच तिला या म्हणून हात केला. तिच्यामागून आणखी दोघी आल्या.

आम्ही गाडीत बसलो. गाडी वळवताना पाहिलं, अबू सुहैब कुठूनतरी प्लास्टिकच्या खुर्च्या आणून अंगणात मांडत होता. एकेक खुर्ची फडक्याने पुसून.