सासूबाईंच्या नावाची उपप्रजाती

प्रयोगशाळेत सगळे त्यांना पाठीमागे 'स्वल्पविराम' म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होते. दुसऱ्याच्या अहवालातला चुकीचा स्वल्पविराम त्यांना घासातल्या खड्यासारखा लागे. नमुन्याच्या अर्जावरचा एक रकाना जरी मोकळा दिसला, तरी ते बाटली परत पाठवीत. अशा या काटेकोर गृहस्थांनी नऊ वर्षांपूर्वी सासूबाईंच्या विरजणातून एक जिवाणू वेगळा केला, दूध आंबवणाऱ्या नेहमीच्या जिवाणूची ती नवी उपप्रजाती असल्याचे जाहीर केले, आणि लॅटिन वळण देऊन तिला सासूबाईंचेच नाव ठेवले.

पुरावे दोन होते. हा जिवाणू अर्जिनिन नावाचे अमिनो आम्ल फोडून अमोनिया सोडत नव्हता, आणि चाळीस अंशांच्या उबेत वाढत नव्हता. जनुकांचा त्या वेळी एक तुकडाच तपासला होता. त्यात फरक आढळला नाही. पण 'ओळख कुळावरून नव्हे, करणीवरून ठरते' असे एक भारदस्त वाक्य लिहून त्यांनी तो प्रश्न निकालात काढला. वाक्य इतके जमले होते, की ते खरे आहे का, हे पाहायचे राहून गेले.

सोमवारी सहायिकेने संपूर्ण जनुकसंचाचा निकाल त्यांच्यापुढे ठेवला.

"सर, हा नेहमीचाच निघाला. अर्जिनिनच्या जनुकातलं एक अक्षर गळलंय, म्हणून ते काम करत नाही. एवढंच."

"पण चाळीस अंशांवर तो—"

"सर, घरातल्या एकाला गोड चालत नाही आणि ऊन सोसत नाही, म्हणून त्याचं आडनाव बदलत नाही."

त्यांनी दोन दिवस वाद घातला. पहिल्या दिवशी तिच्याशी, दुसऱ्या दिवशी स्वतःशी. दोन्ही वेळा हरले. मग नाव मागे घेण्याचे पत्र लिहिले. मात्र ते पाठवण्याआधी सासूबाईंना सांगणे भाग होते, कारण त्यांच्या बैठकीच्या खोलीत त्या शोधनिबंधाचे पहिले पान चौकटीत बसवून टांगले होते, कैलासवासी सासऱ्यांच्या तसबिरीपेक्षा बोटभर उंच. एकाही परिषदेत न डगमगलेले हे वादपटू सासूबाईंचा जिना चढताना तीनदा थांबले, आणि तिन्ही वेळा त्यांनी दोष गुडघ्यांना दिला.

"आई, एक वाईट बातमी आहे. तुमच्या नावाची उपप्रजाती... नाही."

"मेली?"

"नाही. नव्हतीच. माझी चूक झाली."

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला आणि एक दीर्घ सुस्कारा टाकला. त्यात दुःख शोधूनही जावयाला सापडेना.

"सुटले बाई एकदाची! जावईबापू, ते विरजण माझं नव्हतंच. आमचं त्या आठवड्यात बिघडलं होतं. खालच्या मजल्यावरच्या बाईंकडून वाटीभर आणलं होतं मी."

"आणि नऊ वर्षं बोलला नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कधी? आलात, दोन चमचे बाटलीत भरलेत, आणि वर्षभराने चौकट घेऊन दारात उभे! एवढा हरखलेला जावई, त्याच्या तोंडावर काय सांगायचं? त्या बाईंनी एकदा हे पान वाचलं. तेव्हापासून जिन्यात मी दिसले की भिंतीकडे बघतात."

स्वल्पविरामांनी डोळे मिटून घेतले. 'नमुन्याचे मूळ' हा रकाना! जगाकडून तो त्यांनी दरडावून भरून घेतला होता. स्वतःच्या अर्जात मात्र, सासूबाईंना प्रश्न विचारण्याची छाती नसल्यामुळे, तो अंदाजाने भरला होता.

"मग पत्रात हेही लिहावं लागेल, आई. विरजण त्यांचं होतं, असं."

"लिहायलाच हवं?"

"हवं." सासूबाईंना त्यांनी दिलेले हे पहिलेच एकशब्दी उत्तर.

सासूबाईंनी भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिले. उठल्या, चौकट खिळ्यावरून उतरवली आणि काखोटीला मारली.

"मग छापून यायच्या आधी मीच जाऊन सांगते. तुम्ही बसा. मधे बोलायला येऊ नका."

ते बसले. खालचे दार वाजले. खिशातून पत्र काढून ते मुळाविषयीची दुरुस्ती लिहू लागले. तेवढ्यात खालून दोन म्हाताऱ्यांचे हसू ऐकू आले. आधी दबके, मग जिना दणाणून सोडणारे. त्या कोणाला हसताहेत, हे ठरवायला स्वल्पविरामांना ना अर्जिनिन लागले ना जनुकसंच. आणि हा निष्कर्ष मागे घ्यावा लागेल, अशी भीतीही नव्हती.